मालकाचं उत्तर: मागच्या आर्चमधले ९ मिलिमीटर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली "फायबरच्या कामात नाव आहे म्हणून वागळे इस्टेटमध्ये शोधत गेलो, पण यांना साधी टेप धरता येत नाही. मागच्या दोन आर्चमध्ये ९ मिलिमीटरचा फरक, तीन आठवडे सांगून पाच लावले, बोल्टपाशी तडा." म्हणजे तुमच्या किट कारच्या (सुटे भाग आणून जोडलेल्या गाडीच्या) मागच्या चाकांवर आम्ही बसवलेल्या फायबरच्या कमानी, त्यांनाच आर्च म्हणतात. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते बायकोने पुसायला लावलं.

तड्याचं आधी सांगतो, ती चूक आमचीच. फायबर पत्र्यासारखं दबत नाही. नट जास्त आवळला की वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, तडकतो आणि बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा येतात. तिथे मोठा वॉशर आणि खाली रबर हवं होतं. पोराने छोटा वॉशर टाकला आणि माझीही नजर चुकली. रंगासकट फुकट करून देणार.

पाच आठवडे लागले हेही खरं. जुलै महिना होता. पावसात मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, ओल धरते, मग रेझिन (तिला घट्ट करणारं चिकट द्रव्य) तिच्यात नीट शिरत नाही आणि माल दुधाळ निघतो. तुमचा पहिला उजवा आर्च तसाच निघाला. वरून पुट्टी आणि रंग मारून दिला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. मी तो रद्द केला आणि नवा काढला. रद्द केलेला अजून गाळ्यात टांगलाय, येऊन बघा. हे तुम्हाला फोन करून वेळेवर सांगायला हवं होतं, ते राहिलं.

टेपचं मात्र लागलं, सर. माझे वडील चेंदणी कोळीवाड्यातल्या लाकडी होड्यांवर फायबर चढवायचे. मी शाळेत असल्यापासून टेपचं दुसरं टोक धरतोय.

तुमची गाडी आली तेव्हा आम्ही ती स्टँडवर घेतली आणि चॅसिसचे चारही कोपरे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने एका पातळीत आणले. मागच्या चाकांखाली जॅक लावून ती नेहमीच्या उंचीला आणली. आर्चच्या माथ्यावरून ओळंबा सोडला, तो चाकाच्या मध्यावर येईपर्यंत आर्च पुढे-मागे केला. पुठ्ठ्याचा फर्मा एका बाजूला कापला आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला. मग स्प्रिंग काढून चाक जॅकने पार वरपर्यंत उचललं, टायर आतून कुठे घासतो का ते बघायला. एवढं झाल्यावर पहिलं भोक पाडलं, तेही चिकटपट्टी लावून, आधी बारीक बिटने. हे सगळं चाललं होतं तेव्हा तुम्ही समोरच्या स्टुलावर बसून चहा घेत होतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. तुमच्या किटची बॉडीच दोन्हीकडे सारखी नव्हती, डावी कड ४ मिलिमीटर खाली होती. मी ती दाखवून विचारलं होतं, आर्च बॉडीच्या कडेला धरून बसवू की चाकाला धरून? तुम्ही म्हणालात, चाकाला. बरोबरच म्हणालात, कारण लांबून बघणाऱ्याची नजर चाक आणि आर्च यांच्या मधल्या फटीवरच जाते. तसेच बसवले. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत डावीकडे ३५२ भरलं, उजवीकडे ३५४. दोनचा फरक आहे आणि तो मी नाकारत नाही.

मग ९ कुठून आले? तुम्ही टेप जमिनीपासून लावलीत. जमिनीपासून मोजलं की त्यात टायरमधली हवा येते, स्प्रिंग येते आणि गाडीत कोण बसलंय तेही येतं. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. डावीकडच्या सीटवर एक गृहस्थ बसलेत, बहुतेक तुमचे मेहुणे, डिलिव्हरीला आले होते तेच. उजवी सीट रिकामी आहे, कारण टेप धरायला तुम्ही खाली उतरला आहात. त्यांच्या तब्येतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ही गाडी म्हणजे पाइपची चॅसिस आणि वर ॲल्युमिनियम, सगळी मिळून सहाशे किलोच्या आसपास, आणि सीट मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून. मी ७४ किलोचा आहे. भार टाकून टायर घासतो का बघताना मी स्वतः डावीकडे बसलो होतो, तेव्हा डावी बाजू ७ मिलिमीटर खाली गेली. ते वहीत लिहिलेलं आहे. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

मी म्हणालो होतो की गाडी अजून दोन दिवस राहू द्या, एकदा रिकामी आणि एकदा भरून परत मोजतो. गणपतीत सोसायटीत दाखवायची म्हणून तुम्ही घाई केलीत. मीही नको म्हणायला हवं होतं.

बॉडी आणि आर्चमधली काळी बीडिंग "गावठी" दिसते, असंही तुम्ही लिहिलंय. ती मुद्दाम ठेवलेली आहे. ॲल्युमिनियम आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत. मध्ये पुट्टी भरून जोड लपवला असता तर काही महिन्यांत तिथे रंगाला रेघ आली असती आणि तुम्ही आणखी एक रिव्ह्यू लिहिला असता.

माझं म्हणणं एवढंच की तुम्ही आधी एक फोन करायचा होता. रिव्ह्यू पडल्यापासून दोघांनी फोनवर विचारलं, "ते ९ मिलिमीटरवाले तुम्हीच का?" एकाची ॲडव्हान्स द्यायची बोलणी झाली होती, तो अजून परत आलेला नाही. गाळ्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं.

यापुढे डिलिव्हरीला मापांचा कागद सही करून देणार आहोत, दिवाळीनंतर सुरू होईल बहुतेक. फोन उचलायचंही काहीतरी बघतो.

गाडी टेम्पोवर घालून आणा, अर्धं भाडं माझ्याकडे. रविवारी सकाळी आलात तर बरं, घोडबंदर रोड मोकळा असतो. पाण्याची नळी आणि टेप तुमच्याच हातात देतो. मेहुण्यांनाही घेऊन या, फक्त मोजताना ते बाहेर माझ्याबरोबर चहा घेतील.