पिंट्याची बॅटरी खातंय कोण?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीला एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. शनिवारी चहा यायच्या आतच विषय पेटला, तो पिंट्याच्या अंगठ्यामुळं. ह्या माणसाला फोन हातात घेतला की आधी उघडी अ‍ॅप्स एकेक करून वर ढकलून द्यायची खोड आहे. सगळी साफ झाली की मग पुढचं काम.

"कशाला रं त्यांच्या मागं लागलायस?" अमर म्हणाला. अमर पुण्यात अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत आहे. सुट्टीला गावात येतो आणि आल्या आल्या कुणाला तरी सुधारायला घेतो.

"बॅटरी खात्यात. मागं सगळी चालूच असत्यात."

"चालू नसतात, नुसती बसलेली असतात."

अमरनं मग क्लास घेतला. अ‍ॅपमधून बाहेर आलं की बहुतेक अ‍ॅप्स थोड्याच वेळात रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या मेमरीत, गप पडून राहतात. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये तर अशी अ‍ॅप्स चक्क गोठवून ठेवतात, प्रोसेसर त्यांच्या वाट्याला येतच नाही. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. जागा कमी पडली तर फोनच जुनी अ‍ॅप्स काढून टाकतो. उलट आपण उडवलेलं अ‍ॅप दहा मिनिटांनी परत उघडलं की सगळं पहिल्यापासून लोड होणार, म्हणजे प्रोसेसरला जास्तच राबवायचं.

"तालमीत भिंतीला टेकून बसलेला पैलवान आणि मातीत झोंबणारा पैलवान, दोघांत फरक हाय का न्हाई?"

"बसलेला पण खुराक खातोयच की," सुन्या मध्येच बोलला.

"खाऊ दे. रॅमचा खुराक ठरलेला हाय. तालीम भरलेली असू दे न्हाईतर मोकळी, दूध तेवढंच आटणार."

इथून गाडी जी खऱ्याखुऱ्या पैलवानांकडे वळली ती चहा संपेपर्यंत परतली नाही. तो भाग गाळतो.

अमरनं पुढचा पत्ता टाकला. २०१६ साली एका ग्राहकानं अ‍ॅपलला मेल करून विचारलं होतं, की अ‍ॅप्स सारखी बंद करायची गरज असते का आणि तुम्ही स्वतः करता का? क्रेग फेडेरीगी म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख. त्यांचं उत्तर दोन शब्दांत होतं : नाही आणि नाही. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहाइमर यांनीही त्याला दुजोरा दिला.

"त्यांचं काय जातंय बोलायला," पिंट्या म्हणाला. "माझा फोन दुपारी दोनला आडवा पडतोय, त्याचं बोल."

हा प्रश्न रास्त होता. अ‍ॅप नुसतं बसून खात नाही हे कबूल, पण मग खातंय कोण?

ह्याचं उत्तर अमरनं चांगलं दिलं. अ‍ॅप रॅममध्ये आहे की नाही ह्यापेक्षा ते फोनला झोपू देतंय की नाही हे बघायचं. स्क्रीन बंद असताना प्रोसेसरला जागं ठेवायचा एक परवाना अ‍ॅपला मागता येतो, त्याला वेकलॉक म्हणतात. गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपला तो लागतोच. पण एखाद्यानं घेतला आणि सोडलाच नाही, तर फोन खिशात बसून रात्रभर जागा. तीच गत दर थोड्या वेळानं लोकेशन विचारणाऱ्यांची. आणि सगळ्यात फसवा खर्च नेटवर्कचा. इवलासा मेसेज आला तरी फोनचा रेडिओ जागा होतो आणि काम झाल्यावरही काही सेकंद तसाच ताठ उभा राहतो. शंभर मेसेज एकदम आले तर एकदाच जाग. तेच थांबून थांबून आले तर शंभर वेळा.

गूगलला हे कळत नव्हतं असं नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं : फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन हलत नसेल, तर अ‍ॅप्सची कामं अडवून ठेवायची आणि मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडायची. पुढच्या वर्षी हलत्या फोनलाही त्याचा सौम्य प्रकार मिळाला. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ नं अ‍ॅप्सच्या रांगा लावल्या. जे तुम्ही क्वचित उघडता, त्याला मागं राहून काम करायची संधीही क्वचित.

"मग सगळं गूगलच करतंय म्हणल्यावर माझ्या दुकानात लोक कशाला येत्यात?" सुन्या म्हणाला. त्याचं राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि अ‍ॅप ह्या गोष्टीवर त्याचा मुळातच विश्वास नाही. "पिंट्या शिरोलीला फाउंड्रीत. पत्र्याचं शेड. आत रेंजची एक काडी. टॉवर लांब पडला की फोन जोर लावतोय, आठ तास नुसता जोरच लावतोय. त्यात भट्टीची धग. पस्तीस अंशाच्या वर बॅटरी कायमची खराब होत्या, हे अ‍ॅपलच सांगतंय. अडीच वर्षाची बॅटरी हाय ती. तू अ‍ॅप उडीव न्हाईतर पूज, काय फरक पडणार न्हाई."

मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. अमरला ते पटलेलं दिसलं, पण त्यानं तसं म्हटलं नाही.

मघापासून गप्प असलेले सर आता बोलले. आमच्यापैकी निम्म्यांना त्यांनी गणित शिकवलंय. "मी बॅटरी वाचवायला अ‍ॅप्स बंद करत होतो, तर पहाटेचा गजरच झाला नाही. अंबाबाईची काकडआरती चुकली."

"सर, तुम्ही फोर्स स्टॉप दाबलं असणार," अमर म्हणाला. तसं केलं की त्या अ‍ॅपनं लावून ठेवलेले गजरही रद्द होतात. आपण हातानं परत उघडेपर्यंत ते मेल्यासारखंच. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर नुसतं वर ढकललं तरी तेवढंच होतं. आणि बॅटरी वाचवणारं वेगळं अ‍ॅप घेतलंत तर ते स्वतःच मागं राहून इतरांवर पाळत ठेवणार, म्हणजे खाणारं अजून एक तोंड वाढलं.

शेवटी अमरनं पिंट्याचा फोन हिसकावून सेटिंगमधलं बॅटरीचं पान उघडलं. हे पान कुणीच बघत नाही, ह्याचं मला नवल वाटतं. कुठल्या अ‍ॅपनं किती टक्के खाल्ले, त्यातला समोर असतानाचा वेळ किती आणि मागं किती, सगळं लिहिलेलं असतं. पहिला नंबर अर्थातच व्हिडिओचा, म्हणजे स्क्रीनचा. ती पिंट्याचीच करणी, त्यामुळं त्यावर चर्चा झाली नाही. एका क्रिकेट स्कोअरच्या अ‍ॅपचा मागचा वेळ समोरच्या वेळेच्या कितीतरी पट होता. अमरनं ते रिस्ट्रिक्टेडवर टाकलं, म्हणजे मागं राहून काम करायला लगाम.

आणि त्याच्या खाली मेसेजचं अ‍ॅप. दिवसभर, रात्रभर, शिफ्टच्या आठही तासांत. रेंजची एक काडी, आणि तिच्यावर पेठेच्या फुटबॉल ग्रुपचे फोटो, व्हिडिओ, शुभ सकाळ, समोरच्या पेठेला शिव्या, त्या शिव्यांना अंगठे.

"म्यूट केलाय की मी तो ग्रुप," पिंट्या म्हणाला.

"म्यूट केल्यानं आवाज बंद होतो. मेसेज येतोच. निदान फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरायचं बंद कर."

पिंट्यानं ग्रुप उघडला आणि वर सरकवत गेला. मध्यरात्री एकचा व्हिडिओ सुन्याचा. दीडचा सुन्याचा. पावणेदोनचा, तोच व्हिडिओ दुसऱ्यांदा, सुन्याचा.

"ग्राहक कमी पडले म्हणून असं करतोस व्हय रं?" सरांनी विचारलं.

सुन्या म्हणाला, नवीन बॅटरी टाकून देतो, पैसे निम्मेच दे. पिंट्या म्हणाला, निम्मे पण कशाला?