सेटरांनो, मोबाईलमध्ये पडून असलेला तो व्हिडिओ टाका

बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छेत कुठल्याही मशीन शॉपमध्ये जावा, एक तरी असा सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा) भेटतोच ज्याला अडलं की सगळे हाक मारतात. जॉबला, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याला, टेपर येतोय (एका टोकाला बारीक होतोय), इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) सारखं तुटतंय, फिनिश बसत नाही, की 'काकांना बोलवा'. काका येतात, जरा वेळ मशीनचा आवाज ऐकतात, फीड (टूल पुढं सरकण्याचा वेग) बदलतात आणि आपल्या मशीनवर परत जातात. काय बदललं आणि का, हे कुठंच लिहिलेलं नसतं. काका रिटायर झाले की पोरं पुन्हा पहिल्यापासून इन्सर्ट तोडत बसतात. बेळगावची फाउंड्री, हायड्रॉलिक्स, इकडं हत्तरगीला विमानाचे पार्ट, एवढं काम या जिल्ह्यात होतं आणि ते शिकायला आपल्या पोरांना हिंदी नाहीतर इंग्रजी व्हिडिओ शोधावे लागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'मग तुम्ही करा की व्हिडिओ' म्हटलं की उत्तर ठरलेलं: मी कोण शिकवणारा? इंजिनिअर लोक बघतील, काय म्हणतील? मला हे पटत नाही. गेल्या वर्षी जे शिकलात ते या वर्षी आलेल्या हेल्परला सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही, कारण नेमकं कुठं अडतं ते तुम्हाला अजून आठवतंय. वीस वर्षं काम केलेल्याला ती अडचण दिसतच नाही.

दुसरी भीती कुणी उघड बोलत नाही. ती भाषेची. आपण 'काय करायलास' म्हणणारी माणसं, बोलण्यात चार कन्नड शब्द सहज येतात, पुण्याकडचं कुणी ऐकलं तर हसेल असं वाटतं. याच कारणानं माझा पहिला व्हिडिओ कित्येक महिने मोबाईलमध्येच होता. पण तो बघणारा पोरगा खानापूरचा, निपाणीचा, चिकोडीचा असणार. त्याला आपलीच बोली पटकन कळते. साहित्य संमेलन आपण येळ्ळूरला, कडोलीला, उचगावला गावात मांडव घालून भरवतो, मग लेथवरचं मराठी बोलायला कसला संकोच?

तो पहिला व्हिडिओ सीएनसी लेथच्या प्रोग्राममधल्या जी-९६ आणि जी-५० या कोडचा होता. विषय छोटा, पण जिवाशी संबंध असलेला. जी-९६ दिला की कटिंग स्पीड (टूलखालून धातू सरकण्याचा वेग) कायम राहतो, म्हणजे व्यास कमी होईल तसे आरपीएम वाढत जातात. मिनिटाला २०० मीटर स्पीडला १०० मिमी व्यासावर साधारण ६३७ आरपीएम लागतात, तोच टूल फेसिंग करत (जॉबचं तोंड सपाट कापत) १० मिमीवर आला की ६,३६६. सेंटरजवळ तर मशीन आपल्या कमाल वेगाकडं पळतं. तेवढ्या वेगात चकच्या जॉ (जॉब धरणारे जबडे) बाहेर ओढल्या जातात, पकड ढिली होते आणि जॉब उडू शकतो. म्हणून आधी जी-५० एस-२००० अशी मर्यादा घालायची, म्हणजे मशीन २००० आरपीएमच्या वर जात नाही. आकडा चक आणि जॉबची पकड बघून ठरवायचा. हे एवढंच सांगितलं, मागं कॉम्प्रेसरचा आवाज येत होता तसाच राहू दिला.

त्यावर चिकोडीकडच्या एकानं लिहिलं, की त्याच्या मशीनवर हीच मर्यादा जी-९२ नं घालतात. बरोबर आहे, कंट्रोल कुठल्या पद्धतीला सेट केलाय त्यावर ते ठरतं. ती कमेंट मी सगळ्यात वर पिन केली. आता दोन्ही प्रकारच्या मशीनवरच्या पोरांना उत्तर मिळतं. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मित्रानं तोच विषय कन्नडमध्ये केला, त्याचा तर मला जास्त आनंद झाला.

करायला बसलात तर एका व्हिडिओत एकच अडचण घ्या. मालकांना आधी विचारा. कस्टमरचं ड्रॉइंग किंवा त्याचा पार्ट चुकूनही दाखवू नका, एमएसचा (साध्या स्टीलचा) उरलेला तुकडा चकमध्ये धरा. मशीन चालू असताना मोबाईल हातात नको, स्टँडला लावा आणि दरवाजा बंद ठेवा. बाकी लाईट, म्युझिक, नाव झळकवणं, यात वेळ घालवू नका. शिकणाऱ्याला टूल कुठं टेकलं आणि स्क्रीनवर काय टाकलं एवढंच बघायचं असतं.

मी पुढचा व्हिडिओ सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करण्यावर करतोय. फाउंड्रीतल्या मित्रांनो, साच्याची वाळू मुठीत दाबून ओलावा बरोबर आहे की नाही हे तुम्ही कसं ओळखता ते कुणीतरी दाखवा, मला स्वतःला बघायचंय. ग्राइंडिंगवाल्यांनी व्हील ड्रेसिंग (ग्राइंडिंगचं चाक पुन्हा धारदार करणं) घ्या. कॅमेऱ्यासमोर यायचं नसेल तर नुसते हात आणि आवाज पुरे. टाकायच्या आधी कुणाला तरी दाखवावं असं वाटलं तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, शिफ्ट सुटल्यावर बघून सांगतो.