पेन ड्राइव्ह काढू न देण्याचा रीतसर मार्ग

लिनक्सची यंत्रं सांभाळता ना? मग एक पथ्य पाळा: सामान्य वापरकर्त्याच्या हाती अनमाउंट, म्हणजे ड्राइव्ह यंत्रापासून रीतसर सोडवणं, पडू देऊ नका. आज पेन ड्राइव्ह काढेल, उद्या रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागेल.

यात कष्ट असे नाहीतच. एफएसटॅब, म्हणजे कुठला ड्राइव्ह कसा जोडायचा याची यादी असलेली फाइल. तिच्यात त्या ड्राइव्हच्या ओळीत 'युझर' किंवा 'युझर्स' काहीच लिहू नका, की सगळा कारभार तुमच्याकडे. फारच दया आली तर 'युझर' लिहा. मग ज्यानं माउंट केलं, म्हणजे ड्राइव्ह जोडला, त्यालाच अनमाउंट करता येईल. तो सुट्टीवर गेला की बाकीच्यांनी वाट पाहावी. 'युझर्स' मात्र चुकूनही लिहू नका, त्यानं कुणालाही ड्राइव्ह सोडवता येतो. यूडिस्क्स ही ड्राइव्ह जोडण्या-सोडवण्याची सेवा तर समोर बसलेल्याला, त्यानंच जोडलेला ड्राइव्ह, पासवर्डशिवाय काढू देते. कुणाला काय करू द्यायचं ते पोलकिट ही यंत्रणा ठरवते; हे लाड तिच्या नियमांत बदल करून थांबवा.

परवानगी देणं भागच पडलं, तरी 'डिव्हाइस बिझी', म्हणजे 'ड्राइव्ह वापरात आहे' म्हणत अनमाउंटला दिलेला नकार, आहेच. कुठला प्रोग्रॅम अडून बसलाय, हे एलएसओएफ ही कमांड सांगते. पण तो दुसऱ्या कुणाचा असेल तर ते कळायलाही रूटच लागतो. व्यवस्था कशी चोख आहे बघा!

आता एक बारीकशी अडचण. पेन ड्राइव्ह हातानं उपटायला कुठलाच पासवर्ड लागत नाही. सुरक्षित वाट तेवढी तुम्ही बंद केलीत, दुसरी सताड उघडी आहे. कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसते, तेव्हा फाइलचा बराच भाग अजून रॅममध्येच असू शकतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या मूळ सेटिंगनुसार तो ३० सेकंदही थोपवून धरतो. अनमाउंट म्हणजे हे उरलेलं लिहून टाकून हिशोब बंद करणं. विंडोजनं २०१८च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' (ड्राइव्ह थेट उपटला तरी चालावं अशी सोय) हीच मूळ सेटिंग केली, कारण लोक उपटणारच हे त्यांनी मान्य केलं. आपण कशाला मान्य करायचं? आपल्याला शिस्त लावायची आहे.

मग अर्धवट फाइल घेऊन कुणी तुमच्या टेबलाशी आलाच, तर चष्म्यावरून बघत विचारा, "आधी अनमाउंट केलं होतंत का?"