'सेमी', 'डेमी', 'हेमी' आणि आपला 'सामि'

दादरच्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले काही दिवस एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, इंग्रजीतील 'सेमी', 'डेमी' आणि 'हेमी' हे तिन्ही उपसर्ग संस्कृत 'सामि' या शब्दावरून चोरलेले आहेत, तिन्हींचा अर्थ 'नेमका निम्मा' असाच आहे आणि म्हणून साहित्यात ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येतात. भाषेवरील प्रेमापोटीच लोक तो पुढे पाठवत आहेत, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान चोरीचे. संस्कृत 'सामि', लॅटिन 'सेमी' आणि ग्रीक 'हेमी' यांचे मूळ एक आहे, हे खरे. आपल्या 'सप्त'ला लॅटिनमध्ये 'सेप्टेम' आणि ग्रीकमध्ये 'हेप्टा' म्हणतात. आरंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो, तोच नियम येथेही लागू आहे. मात्र एका मूळच्या बहिणी म्हणजे मायलेकी नव्हेत. संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्येच कलकत्त्यात मांडले होते की, या भाषा एका सामाईक उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता शिल्लकही नसेल. 'डेमी' तर या घरातला नव्हेच. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'डिमिडियस'वरून आला आणि त्यातील 'मेडियस' हा आपल्या 'मध्य'चा सगोत्र. उलट, जुन्या इंग्रजीत 'अर्धा' या अर्थाचा 'सॅम' हा स्वतःचा उपसर्ग होता. 'सॅम-ब्लाइंड' म्हणजे अर्धवट आंधळा. पुढे त्या 'सॅम'चा अर्थ विसरला गेला आणि लोक 'सँड-ब्लाइंड' म्हणू लागले, जणू डोळ्यांत वाळूच गेली आहे! शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये लॉन्सलॉट आपल्या बापाबद्दल बोलताना याच वाळूवरून खडीपर्यंत कोटी वाढवत नेतो. ज्या भाषेकडे 'सामि'चा हा भाऊ घरचाच होता, तिला चोर ठरवणे अन्यायाचे आहे.

एकमेकांच्या जागी चालतात, हे विधान थोडक्यात निकालात निघते. 'हेमी' प्रायः ग्रीक शब्दांना चिकटतो, 'डेमी'ला जुन्या फ्रेंच वळणाची छटा आहे आणि 'सेमी' मात्र कुठेही मिसळतो. अर्ध्या ओळीला 'हेमिस्टिक' म्हणतात; तेथे 'डेमिस्टिक' कोणी म्हणत नाही.

खरा घोळ 'नेमका निम्मा' या शब्दांत आहे. पाश्चात्त्य संगीतलेखनात तो अर्थ काटेकोर पाळला जातो, हे मान्य केले पाहिजे: 'हेमी-डेमी-सेमी-क्वेव्हर' या स्वरचिन्हात 'क्वेव्हर' या मूळ स्वरचिन्हाचा काळ तीनदा निम्मा होऊन एक अष्टमांश उरतो. साहित्यात मात्र असे माप क्वचितच लागते. रोमन कवी व्हर्जिल इ. स. पू. १९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या 'इनीड' महाकाव्यात पन्नासाहून अधिक ओळी अपुऱ्या राहिल्या होत्या. त्यांना अर्ध्या ओळी म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्यांतील एखादी दोनच शब्दांत थांबते, तर एखादी निम्म्याच्या पुढे जाते. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या अखेरीस ऑथेल्लो आपला घात करणाऱ्या इयागोला 'डेमी-डेव्हिल' म्हणतो, तेव्हा त्याच्यात पन्नास टक्के सैतान आहे असा हिशेब तो मांडत नाही; माणसाच्या कातडीत सैतान नांदतो आहे, हे त्याला सांगायचे आहे. 'मॅकबेथ'मधील 'डेमी-वुल्फ' म्हणजे लांडग्याचा संकर असलेला कुत्रा. मुंबईकरांनी यासाठी इंग्रजी नाटकांपर्यंतही जाण्याची गरज नाही. घारापुरीच्या लेण्यातील नंदीवर रेललेला अर्धनारीश्वर पाहावा: डाव्या अंगाला स्तन आहे, उजव्या अंगाला नाही, पण कमरेचा बाक दोन्ही अंगांना मिळून एकच आहे. दोन निम्मे तुकडे जोडल्याची खूण तेथे सापडत नाही.

आपल्या रोजच्या वापरातही तेच दिसते. 'सेमी इंग्रजी' वर्गात सहसा गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, बाकीचे विषय मराठीतून. निम्मे विषय कोणी मोजलेले नसतात. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची म्हणतात. तिचा चौथा चरण आखूड असतो, पण तो अक्षरे मोजून बरोबर निम्मा केलेला नसतो.

ज्या संस्कृतचा दाखला संदेशात दिला आहे, तेथे तर पाणिनीने हा भेद नियमातच धरला आहे. नपुंसकलिंगी 'अर्ध' म्हणजे समान भाग. त्यावरून 'अर्धपिप्पली', पिंपळीचा बरोबर निम्मा तुकडा. पुल्लिंगी 'अर्ध' म्हणजे कोणताही एक भाग. त्यावरून 'ग्रामार्ध', गावाचा काही भाग. आणि 'सामि'साठी त्याचे एका शब्दाचे स्वतंत्र सूत्र आहे, ज्यावरून 'सामिकृत', 'सामिपीत', 'सामिभुक्त' असे समास होतात. सामिपीत दूध म्हणजे पेल्यात थोडे राहू दिलेले, अर्धवट प्यालेले दूध. ते कोणी मापाने निम्मे करून ठेवलेले नसते.