मधला मॅनेजर म्हणजे निरोप्या नव्हे

'मधली फळी छाटा, कंपनी पळायला लागेल' अशी एक पोस्ट वरचेवर फिरते. तिचं म्हणणं असं: धोरण वर ठरतं, मधले मॅनेजर नुसते निरोप पोचवतात, ते गेले की कामाला वेग येतो. यातलं एकही मला पटत नाही.

धोरण वरच ठरतं? इंटेलने १९८५ मध्ये मेमरी चिपच्या धंद्यातून बाहेर पडायचं ठरवलं. श्रेय कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर आणि अँडी ग्रोव्ह यांना मिळतं. पण कारखान्यात वेफर, म्हणजे ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, कुठल्या चिपसाठी आधी द्यायचे, हे नफ्यावर ठरायचं. जपानी कंपन्यांपुढे मेमरीचे भाव कोसळले, तसे नियोजन आणि हिशेब सांभाळणारे मधले लोक कारखान्याची थोडी थोडी क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपकडे, वळवत गेले. वर वाद चालू होता, तेव्हा खाली मेमरीचा वाटा केव्हाच आक्रसला होता. हे ग्रोव्ह यांनीच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे कंपनीची दिशा आधी मधल्या फळीने बदलली, शिक्का नंतर बसला.

वेगाचं म्हणाल तर गूगलने २००२ मध्ये इंजिनिअरिंगचे मॅनेजर काढून पाहिले. खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागलं. काही महिन्यांतच प्रयोग गुंडाळावा लागला.

आणि निरोप्या? माझ्या आधीच्या नोकरीत वरून अकरा कामांची यादी आली, अकराही 'तातडीची'. आमच्या मॅडमनी पेन घेतलं, चार कामांवर काट मारली आणि म्हणाल्या, "ही या तिमाहीत होणार नाहीत. वर काय सांगायचं ते मी बघते." टेस्टिंगला दोनच माणसं आहेत, हे त्या वर जाऊन आकड्यांसह बोलल्या. चारपैकी एक काम कायमचं रद्द झालं. निरोप्या असत्या तर अकराही कामं आमच्या टेबलावर आदळली असती, आणि धड एकही झालं नसतं. त्या दिवशी मला त्यांचा फार आधार वाटला.

एका मंजुरीला पाच सह्या लागत असतील, तर त्या सह्या जरूर कमी करा. त्यावर माझा वाद नाही. पण एखाद्या मॅनेजरचं पद रद्द करण्याआधी एवढं तरी विचारा: गेल्या वर्षात या माणसाने कोणती कामं थांबवली, आणि उद्यापासून ती कोण थांबवणार?