सायलेन्सर बदलू इच्छिणाऱ्या वीरांस नम्र सूचना

मोटारसायकल घेऊन महिना उलटला तरी तिला कंपनीचाच सायलेन्सर असेल, तर आपल्या भवितव्याविषयी हितचिंतकांना काळजी वाटू लागणे स्वाभाविक आहे. गाडी रस्त्यावरून जाते आणि कोणी मान वळवून पाहतसुद्धा नाही, यासारखी मानहानी दुसरी नाही. आपली ही कुचंबणा दूर व्हावी म्हणून, आणि परवा रात्री एका गुणवंताने मला या विषयाचे सखोल ज्ञान करून दिल्यामुळे, मी पुढील सूचना आदरपूर्वक सादर करीत आहे.

सर्वप्रथम मूळ सायलेन्सरविषयीचा आदर मनातून काढून टाकावा. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तप्त वायूचा लोट दाबाच्या लाटा घेऊन बाहेर पडतो. या लाटा आतल्या कप्प्यांमध्ये एकमेकींना मारून क्षीण व्हाव्यात, सच्छिद्र नळीभोवती भरलेल्या काचतंतूंत जिराव्यात, आणि तरीही वायूची वाट अडू नये, अशी कसरत काही अभियंत्यांनी केलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या ४१ क्रमांकाच्या नियमावलीत गाडी बसवायची, तर ठरलेल्या चाचणीत तिचा आवाज, वजनाच्या मानाने तिची ताकद किती यानुसार, ७३ ते ७७ डेसिबलच्या आत ठेवावा लागतो. एवढे शिकूनही ज्यांना आवाज वाढवता आला नाही, त्यांची विद्या काय कामाची?

नवा सायलेन्सर निवडताना कागदपत्रांत वेळ दवडू नये. पर्यायी सायलेन्सरांसाठी ९२ क्रमांकाची वेगळी नियमावली आहे आणि त्यानुसार मान्यता मिळालेल्या नगावर वर्तुळातले ‘ई’ अक्षर कोरलेले असते. ते शोधत बसणे हे घाबरट गिऱ्हाइकाचे काम आहे. खोक्यावर ‘केवळ शर्यतीच्या मैदानासाठी’ असे छापलेले असेल तर उत्तमच, कारण आपण राहतो ती गल्ली म्हणजे दुसरे काय आहे?

बसवताना जुनेच गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद करणारी चकती, वापरावे. सांध्यातून फुसफुस आली तर ती फुकटची साथसंगत समजावी.

मागे बसणाऱ्याची पोटरी पोळली तर दोष पोटरीचा.

सायलेन्सरच्या तोंडाशी बहुधा एका स्क्रूवर अडकवलेली छोटी पुंगळी असते, तिला डीबी किलर म्हणतात. ती दुकानाच्या दारातच उपटून काढावी. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. एका स्क्रूच्या मोबदल्यात एवढी कीर्ती अन्य कोणत्याही क्षेत्रात मिळत नाही.

इंजिनाच्या प्रकृतीची चिंता करू नये. वायू बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली की हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडू शकते. ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत ते सावरून घेतो, पण अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळल्यावर बहुतेक गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंधन मोजून देणारा संगणक, आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो आणि मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन जास्त तापू शकते. जाणकार अशा वेळी रीमॅपिंग करून घेतात, म्हणजे ते आकडे बदलून घेतात. आपण करू नये, कारण त्यात आवाज वाढत नाही. मूठ सोडल्यावर न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेट घेऊन जे फटाके फुटतात, ते सामर्थ्याचे लक्षण आहे असे मित्रांना सांगावे. नुसता मागचा डबा बदलून ताकदीत जाणवण्याजोगी वाढ क्वचितच होते. पण आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, आणि भासावर समाधान मानणारा मनुष्य सुखी असतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकल्यास शेजाऱ्यांच्या कानांबरोबर फुप्फुसांचीही सोय होते.

आता मुहूर्ताविषयी. गाडी दिवसा सुरू केल्यास तिचा आवाज इतर वाहनांत विरून जातो, सबब मध्यरात्रीनंतरची वेळ निवडावी आणि स्थळ म्हणून इमारतीखालचा वाहनतळ निवडावा, कारण तिथल्या भिंती व छत आवाजाचा एक कणही वाया जाऊ देत नाहीत. परवाच्या आमच्या गुणवंताने नेमके हेच केले. झोपेची गोळी घेऊनही तळमळत पडलेल्या माझ्या आईचा नुकताच डोळा लागला होता. खिडकीची तावदाने थरथरली, खाली उभ्या असलेल्या दोन मोटारींचे अलार्म बोंबलू लागले, वरच्या मजल्यावरचे तान्हे मूल रडू लागले. मी खाली जाऊन पाहिले, तर हे महाशय जागच्या जागी उभे राहून उजव्या हाताने मूठ पिळत होते आणि डाव्या हाताने मोबाइलवर तो आवाज टिपून घेत होते. विचारले तर म्हणाले, “काका, इंजिन गरम करतोय.” अहो, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला उभ्याने इतका वेळ गरम करावे लागत नाही, उलट थंड इंजिनात तेल नीट खेळायच्या आत रेस केल्याने आतले भाग झिजतात, हे तिच्यासोबत मिळालेले पुस्तक उघडले असते तरी कळले असते. आणि एवढे गरम करून स्वारी गेली कुठवर? कोपऱ्यापर्यंत. तिथून वळून परत आली आणि पुन्हा तितकीच रेस करून मगच थांबली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपासाठी दिलेल्या सूचनांत रात्रीच्या रस्त्यावरील वाहतुकीचा घराबाहेरचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे, कारण त्याहून मोठा आवाज झोपेला बाधतो. माणूस जागा झाला नाही तरी झोपेतल्या आवाजाने त्याच्या हृदयाची गती आणि रक्तदाब वाढू शकतो. आई तर जागीच झाली, आणि उजाडेपर्यंत बसून राहिली.

कोणी हटकलेच, तर ‘मोठ्या आवाजामुळे अपघात टळतात’ हे ठेवणीतले वाक्य तोंडावर फेकावे. १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीनचतुर्थांशाहून अधिक वेळा धोका समोरच्या बाजूने, नाकासमोरच्या रेषेच्या ४५ अंशांच्या आतून आलेला होता, ही माहिती मात्र लपवावी. सायलेन्सरचे तोंड मागे असते. म्हणजे ज्याने धडक द्यायची त्याला सगळ्यात कमी ऐकू येणार, आणि जो आधीच मागे पडला आहे त्याच्या कानठळ्या बसणार. हेल्मेट घातलेल्या खुद्द मालकालाही मागे उभ्या असलेल्या माणसापेक्षा तो कमीच ऐकू येतो. मग पैसे मोजून घेतलेला हा आवाज आहे तरी कोणासाठी?

लोकांनी बघावे म्हणून. बाकी काही नाही, आणि हे तुलाही ठाऊक आहे. लोक बघतात ते कौतुकाने नव्हे रे, शिव्या घालत बघतात. तुला त्या ऐकू येत नाहीत, कारण तू स्वतःच इतका आवाज करून ठेवला आहेस. सायलेन्सर बदलायचाच असेल तर मान्यतेचा शिक्का असलेला घे, ती पुंगळी आत राहू दे, गॅस्केट नवे घाल, कोणी तुला अडवणार नाही. पण आजाऱ्याची, म्हाताऱ्यांची, पहाटे कामाला निघणाऱ्यांची झोप ही तुझ्या हौसेसाठी ठेवलेली वस्तू नाही. रात्री उशिरा येशील तेव्हा फाटकाशीच इंजिन बंद कर आणि गाडी ढकलत आत आण. दीड-पावणेदोनशे किलो ढकलताना धाप लागेल. लागू दे.