काळ्या कोटाला ताण कसला?

रामबागेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरतोय: "वकिलांना कसला आलाय ताण? पक्षकार हरो वा जिंको, फी ठरलेली. महिनाभर उन्हाळी सुट्टी. तारखा वाढवणारेही हेच. झेपत नसेल तर कोट उतरवावा." खाली अंगठ्यांची रांग. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात एकवीस वर्षं उभा आहे, तेव्हा उत्तर देणं आलंच.

फी ठरते, हे खरं. शेवटचा हप्ता हरलेला पक्षकार आणून देतो का, ते सोडा. झोप उडते ती तारखेनं. व्यापारी दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, दाखल झाली नाही, तर तो हक्कच संपतो. न्यायाधीशांना दया आली तरी उपयोग नाही. म्हणजे कुणाची तरी पेढी माझ्या डायरीवर टांगलेली. रात्री अडीचला उठून डायरी उघडणारे चार वकील मला माहीत आहेत. पाचवा मी. त्यात १ जुलै २०२४ पासून दोन दोन कायदे: आधीच्या गुन्ह्याला दंड संहिता, नंतरच्याला न्याय संहिता. जिभेवर बसलेलं ४२० आता ३१८ झालंय, आणि एकाच सकाळी दोन्ही लागतात. घरी मन मोकळं करावं, तर पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढायला कायद्यानं मनाई. बायको विचारते काय झालं. मी म्हणतो, राजवाड्यापाशी ट्रॅफिक होतं.

सुट्टी कोर्टाला असते. आत बसलेल्या आरोपीच्या आईला नसते, आणि तिच्याकडे माझा नंबर असतो.

तारखांचा आरोप मात्र निम्मा खरा आहे. दिवाणी संहितेत एका पक्षाला तीनच तहकुबी असताना आम्ही किती मागतो, हे आम्हालाच ठाऊक. पण दुसरी बाजूही पाहा. प्रत्येक कोर्टातली सर्वांत जुनी २५ प्रकरणं तीन महिन्यांत निकाली काढा, अशी उच्च न्यायालयाची योजना आली आणि मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेशातले वकील संपावर गेले. संप मला पटला नव्हता. हाल पक्षकारांचे झाले. तक्रार मात्र खोटी नव्हती. एका कोर्टात रोजची घाई, त्याच वेळी दुसऱ्या कोर्टात अकरापासून हजेरी आणि पुकारा चारला. कामाच्या ढिगानं माणूस दमतो, पण आपल्या दिवसावर आपलाच हात नाही म्हटल्यावर तो आतून पोखरतो.

राहिलं "झेपत नसेल तर". अमेरिकेत २०१६ साली १२,८२५ वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. देश वेगळा, मान्य. पण इतक्या सगळ्यांनाच कोट सैल होत होता, असं म्हणायचं का? त्या पाहणीतही तरुणांची अवस्था अधिक वाईट होती. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशभरच्या नियामक संस्थेनं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्येष्ठांनी कनिष्ठ वकिलांना शहरात महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलंच फक्त, सक्ती नाही. बार रूममध्ये हा आकडा निघाला की ज्येष्ठांना एकदम पेशी, म्हणजे कोर्टातली सुनावणी, आठवते. मलाही आठवली होती.